धावपट्टी संपते तिथे

दिब्रुगडला विमान उतरू लागलं की आधी ब्रह्मपुत्रेची वाळूची बेटं दिसतात, मग भाताची खाचरं, आणि मग एकदम चहा. मोहनबारीच्या त्या विमानतळाच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे चहाचे मळे. छाटून सपाट केलेली झुडपं, त्यांच्यावर विरळ सावली धरून उभे असलेले शिरीष, मधल्या पायवाटेनं पाठीवर टोपली घेऊन चाललेल्या बाया. चाकं जमिनीला टेकतात न टेकतात तोच लोक उठून वरच्या बॅगा काढायला लागतात. मी मात्र खिडकीशीच बसून राहते. थंडीचे दिवस असतील आणि धुकं नसेल तर पूर्वेकडे पाटकाईच्या डोंगरांची निळी रेघ दिसते. ती दिसली की बरं वाटतं, आणि थोडी धास्तीही वाटते.

माझा भाचा दुलियाजानला तेलाच्या नोकरीत आहे. पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा विमानतळातून गाडी बाहेर काढता काढता तो सहज म्हणाला, "मावशी, हा विमानतळ लढाईतला आहे बरं का. इथून अमेरिकन लोक चीनला माल न्यायचे." पुढे चाबुआ लागलं, तेव्हा म्हणाला, "हाही." दिनजानचं नाव निघालं, तेव्हाही तेच. दुमदुमाजवळचं सुकेरेटिंगही त्यातलंच. एवढ्याशा मुलखात इतके विमानतळ कशाला लागले असतील, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि तिथेच राहून गेला. नंतर त्याविषयी मिळेल ते वाचत गेले, आणि वाचता वाचता एका वेगळ्याच गोष्टीपाशी येऊन थांबले.

1942 च्या वसंतात जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतला. एप्रिलअखेर लाशिओ पडलं आणि चीनला रसद पोचवणारा रस्ता तुटला. चीन तर लढत राहायला हवा होता. मग उरली ती आकाशाची वाट. आसामच्या सखल, दमट मैदानातून निघायचं, पाटकाई ओलांडायचा, त्यापलीकडच्या पंधरा हजार फुटांपर्यंतच्या रांगा ओलांडायच्या, आणि सुमारे आठशे किलोमीटरवर युनानच्या पठारावर, कुनमिंगला उतरायचं. वैमानिकांनी या वाटेला हम्प हे नाव दिलं. पेट्रोलची पिंपं, बॉम्ब, गाड्यांचे सुटे भाग, औषधं, सगळं याच वाटेनं गेलं. 1945 मध्ये हे काम थांबलं तोपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल पलीकडे पोचला होता. त्यासाठी जवळपास सहाशे विमानं गेली आणि सोळाशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

मी थांबले ती या आकड्यापाशी. लढाई म्हटली की आपल्याला समोर कुणीतरी शत्रू लागतो. या सोळाशेंतल्या फार थोड्यांना तो भेटला. जपानी लढाऊ विमानांनी काही मालवाहू विमानं पाडली, हे खरं. पण बहुतेक विमानं पाडली ती ढगांनी, पंखांवर साचलेल्या बर्फानं, ताशी शंभर मैलांहून जोरात वाहणाऱ्या वाऱ्यांनी, कच्च्या राहिलेल्या यंत्रांनी आणि झोप न झालेल्या डोळ्यांनी. सी-46 हे मोठं, दणकट विमान घाईघाईनं कारखान्यातून थेट आसामात आणलं गेलं, आणि त्यातले दोष तिथे, डोंगरांवर उडताना कळत गेले. लिबरेटर या बॉम्बफेकी विमानाच्या पोटात टाक्या बसवून सी-109 नावाचं पेट्रोलवाहू विमान तयार केलं होतं. भरल्या टाक्यांनी उंचावरच्या पठारावर ते उतरवणं इतकं धोक्याचं, की वैमानिक त्याचं नाव घेताना शेवटच्या आकड्याऐवजी स्फोटाचा आवाज काढत.

आणि घाई. साडेसहाशे तासांचं उड्डाण पुरं झालं की घरी जायला मिळे, असा एक काळ नियम होता. विशी-बाविशीची मुलं ती. लवकर घरी जायचं म्हणून ती दिवसाला जमेल तितक्या फेऱ्या करत, आणि चार-पाच महिन्यांत तास संपवत. माझं मन या तपशिलावरून हलत नाही. घरच्या ओढीनंच किती जण दमलेल्या अंगानं पुन्हा विमानात चढले असतील! 1944 च्या सप्टेंबरात जनरल विल्यम टनर यांनी या कामाची सूत्रं घेतली, तेव्हा त्यांनी हा नियम बदलला. तास वाढवले आणि वर्षभर राहणं सक्तीचं केलं. मुलं चिडली असणार. पण अपघात कमी झाले. पुढे आपल्या आठवणींत टनर यांनी धावपट्टीच्या टोकाशी दिसलेल्या एका मोठ्या काळ्या डागाविषयी लिहिलं. तिथे नुकतंच एक विमान पडून जळालं होतं.

डोंगरात हरवलेली विमानं आपण कल्पनेत आणू शकतो. त्यांना एक दूरपण असतं. वैमानिक सांगत, की आभाळ स्वच्छ असेल तर खाली दऱ्यांत चकाकणाऱ्या पत्र्यांवरून कुनमिंगची वाट शोधता येते. त्या वाटेला त्यांनी अॅल्युमिनियमचं नावही देऊन टाकलं होतं. पण मला जास्त छळतो तो धावपट्टीच्या टोकाचा डाग. विमान पुरतं भरलेलं, हवा गरम आणि दमट, इंजिनं पूर्ण ताकदीवर, धावपट्टी संपत आलेली आणि जमीन सुटत नाही. किंवा उलट, आठशे किलोमीटर परत येऊन, डोंगर मागे टाकून, दिवे दिसत असताना अखेरच्या दोन मैलांत काहीतरी बिनसणं. अशा वेळी पडणारं विमान कुणाच्या तरी शेतात पडतं, मळ्यात पडतं, वस्तीशेजारी पडतं. त्या माणसांचा त्या लढाईशी संबंध काय? तर ती धावपट्टी त्यांनीच बांधली होती, एवढा.

हे धावपट्ट्यांचं बांधकाम फारसं कुणी सांगत नाही. आसामच्या चहामळेवाल्यांच्या संघटनेनं हजारो मजूर रस्त्यांच्या आणि विमानतळांच्या कामाला दिले. छोटा नागपूर, ओडिशा, आंध्र अशा ठिकाणांहून कधी काळी आणलेल्या कुटुंबांतली ही माणसं. बायका डोक्यावरून पाट्यांनी दगड वाहत होत्या, दगड फोडायचे तेही हातोडीनं, आणि त्यावरून वीस वीस टनांची यंत्रं उडणार होती. कामावरची माणसं दिवसभर त्या धावपट्टीच्या कडेला, आणि रात्री लगतच्या मळ्यातल्या मजूरवस्तीत झोपलेली. विमान पडल्याचा आवाज सगळ्यात आधी त्यांनी ऐकला असणार. विमानासोबत गेलेल्यांची नावं वॉशिंग्टनच्या कागदांत आहेत. ज्या बाईनं तो आवाज ऐकून पोराला पोटाशी धरलं असेल, तिचं नाव कुठेच नाही.

हम्पवरच्या अपघातांतला एकच अपघात जगाला नीट माहीत आहे. 2 ऑगस्ट 1943 रोजी चाबुआहून निघालेलं सी-46 नागा टेकड्यांवर इंजिन बिघडून पडलं. विमानातल्या एकवीस जणांपैकी वीस जण हवाई छत्रीनं उतरून वाचले, सहवैमानिक गेला. वाचलेल्यांत एरिक सेवराइड हा अमेरिकी रेडिओचा बातमीदार होता. डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर दोन मदतनिसांसह स्वतः होऊन त्या रानात छत्रीनं उतरले. नागा गावकऱ्यांनी त्या परक्यांना थारा दिला आणि मोकोकचुंगचा तरुण इंग्रज अधिकारी फिलिप अॅडम्स नागा सोबत्यांसह चालत येऊन त्या सगळ्यांना बाहेर घेऊन गेला. ही हकीकत वाचताना अंगावर काटा येतो. पण तीच का उरली, याचाही विचार येतो. त्या विमानात गोष्ट सांगणारा माणूस होता आणि तो जिवंत राहिला, म्हणून. बाकीच्या सहाशेंत बहुतेक ठिकाणी उरली ती एक तारीख, एक क्रमांक आणि हवामानाविषयी एक ओळ.

आसामबाहेरही, जिथे जिथे लढाईसाठी घाईनं विमानतळ उभे राहिले, तिथे हेच घडत होतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये उसाच्या शेतांनी वेढलेलं मकाय नावाचं गाव आहे. न्यू गिनीच्या आघाडीवरून थकून आलेले अमेरिकी सैनिक तिथे आठ-दहा दिवस सुट्टीला येत. 14 जून 1943 च्या पहाटे, धुक्यात, सुट्टी संपलेल्यांना घेऊन एक फ्लाइंग फोर्ट्रेस बॉम्बफेकी विमान न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीकडे निघालं आणि काही मिनिटांतच गावाजवळच्या बेकर्स क्रीक इथे झाडीत पडलं. एक्केचाळीस जणांतला एक वाचला. कारण अखेरपर्यंत निश्चित झालं नाही. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे बातमीही आली नाही. अमेरिकेतल्या घरांना एवढंच कळवलं गेलं, की नैऋत्य प्रशांत भागात विमान अपघातात मृत्यू. गावातल्या लोकांनी धूर पाहिला होता, त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि ज्या आईला ते जाणून घ्यायचा हक्क होता, ती कितीतरी वर्षं नकाशातल्या एका अख्ख्या समुद्राकडे पाहत बसली. तिथे स्मारक उभं राहायला 1992 उजाडलं.

इंग्लंडमधल्या लँकशरचं फ्रेकल्टन हे गाव मी पाहिलेलं नाही, आणि तिथे जायची माझी छाती होईल असं वाटत नाही. शेजारीच वॉर्टन इथे अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचा प्रचंड तळ होता. हजारो अमेरिकी मुलं त्या तळावर राहत, गावातल्या पोरांना चॉकलेटं देत. 23 ऑगस्ट 1944 ला सकाळी दुरुस्त झालेली दोन लिबरेटर विमानं चाचणीसाठी उडाली. शाळेची नवी सहामाही आदल्याच दिवशी सुरू झालेली. थोड्याच वेळात आभाळ असं काळं झालं, की वर्गात दिवे लावावे लागले. वादळ येतंय म्हणून दोन्ही विमानांना परत बोलावलं. एक उत्तरेकडे निसटलं. दुसरं उतरायच्या बेतात असताना पावसाच्या भिंतीत सापडलं आणि गावात कोसळलं. शाळेसमोरच्या खानावळीचा चुराडा झाला, आणि जळतं पेट्रोल शाळेच्या बालवर्गात शिरलं. एकसष्ट माणसं गेली. त्यांतली अडतीस चार ते सहा वर्षांची मुलं होती, आणि दोन त्यांच्या शिक्षिका.

गावाचा जवळजवळ अख्खा बालवर्ग गेला. पुढच्या वर्षी पुढच्या इयत्तेत जायला फारशी मुलंच उरली नव्हती. मोठ्यांच्या मृत्यूनं घरात पोकळी पडते, तिला सगळे मिळून वळसा घालतात. पण वर्ग नाहीसा झाला की ती पोकळी दर वर्षी एकेक इयत्ता वर सरकत जाते. मग ती त्या वयाच्या लग्नांत दिसते, त्या वयाच्या नातवंडांत दिसते. चौकशीत अधिकाऱ्यांनी नमूद केलं, की अमेरिकी वैमानिकांना इथल्या वादळांच्या जोराची पुरेशी कल्पना द्यायला हवी. बरोबरच होतं ते. तळावरच्या सैनिकांनी आपसांत पैसे जमवले आणि आपल्या हातांनी गावात मुलांसाठी खेळाचं मैदान बांधलं. 1945 च्या ऑगस्टमध्ये ते खुलं झालं. विमानं दुरुस्त करणारे हात होते ते. लाकूड रंधताना, झोपाळ्याचे खांब पुरताना ते आपसांत काय बोलत असतील, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. पडलेल्या विमानाला त्यांच्यातल्याच कुणीतरी हात लावलेला होता.

मी पुण्याची. मोहनबारीला जायला मी निघते ते लोहगावहून, आणि लोहगावचा विमानतळही मुंबईच्या रक्षणासाठी 1939 मध्ये उभा राहिलेला. हे कळलं तेव्हा त्या गजबजलेल्या इमारतीकडे, सुरक्षातपासणीच्या रांगेकडे मी जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. खडकीला, मुळेच्या बाजूला, युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक जणांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरींची पुढे देखभाल होणार नाही, म्हणून त्या इथे आणल्या गेल्या. हिरवळ राखलेली, फुलझाडं कापलेली, माळी कामात, बाहेर रिक्षांचे आवाज. काही शिळांवर पंख पसरलेला पक्षी आणि त्याच्यावर मुकुट कोरलेला दिसतो, ती हवाई दलाची खूण. खाली वय. एकवीस. तेवीस. पुन्हा एकवीस.

त्या शिळांवर मृत्यूचं कारण कोरलेलं नाही. नाव, हुद्दा, तारीख, वय, आणि घरच्यांनी सांगितलं असेल तर एखादी ओळ. शत्रूच्या तोफेनं की धुक्यानं, हे शिळा सांगत नाही. मला हे फार योग्य वाटतं. आपल्याकडे वीरमरणाचा एक ठरलेला साचा आहे, पोवाड्यांतून आलेला: समोरासमोर, छातीवर घाव, मागे न हटता. त्या साच्यात न बसणारं मरण आलं की आपण चाचरतो. सैन्यातला मुलगा सरावात गेला, गाडी दरीत गेली, हेलिकॉप्टर पडलं, की सांत्वनाला आलेली माणसं शब्द शोधत राहतात. अपघात होता हो, असं हळूच म्हणतात. जणू त्या आईचं दुःख एक पायरी खाली ठेवायला हवं. माझ्या ओळखीतल्या एका घरात मी हे पाहिलं आहे. ती बाई काही बोलली नाही. तिनं सगळ्यांना चहा दिला. पण त्या शब्दावर तिचे डोळे वर आले होते, आणि ते मी विसरू शकत नाही.

रात्री तीन वाजता, पाऊस कोसळत असताना, चिखलातून विमानाकडे चालत गेलेल्या आणि आपल्यापुढचं विमान परत आलेलं नाही हे माहीत असलेल्या बाविशीतल्या मुलानं काय कमी धैर्य दाखवलं? त्याच्यापुढे चीड आणणारं कुणी नव्हतं. जिंकायचं एखादं ठाणं नव्हतं. पोचवायची होती ती पेट्रोलची पिंपं, आणि परत येऊन पुन्हा तीच पिंपं. राग माणसाला पुढे ढकलतो. हवामानावर कुणाला राग धरता येतो? तरी ती मुलं गेली. मला ते धैर्य जास्त एकटं वाटतं.

त्यांच्याजवळ एक कापडाचा तुकडा असे, जाकिटाला शिवलेला किंवा खिशात घडी करून ठेवलेला. त्यावर निशाण आणि चिनी किंवा त्या त्या मुलखातल्या भाषांत मजकूर: हा परका माणूस मित्र आहे, याला मदत करा, बक्षीस मिळेल. डोंगरातल्या किती जणांना अक्षरं वाचता येत होती कोण जाणे. अनेक ठिकाणी मदत झाली ती वाचून नव्हे. भुकेला, लंगडणारा माणूस दारात आला की काय करायचं हे डोंगरातल्या माणसाला कुणी लिहून द्यावं लागत नाही.

आणि जिथे वाचलेलं कुणी नव्हतं, तिथेही डोंगरातल्या माणसांनी ती जागा लक्षात ठेवली. 25 जानेवारी 1944 ला कुनमिंगहून चाबुआकडे परतणारं एक लिबरेटर, आठ जणांसह, ढगांत नाहीसं झालं. मोहनबारी-चाबुआच्या या धावपट्ट्यांवर त्या दिवशी कुणीतरी घड्याळाकडे पाहत उभं असणार. विमान बासष्ट वर्षांनी सापडलं, 2006 मध्ये, अरुणाचलातल्या दामरोह गावाच्या वरच्या डोंगरात. क्लेटन कुल्स हा अमेरिकी गिर्यारोहक अशी हरवलेली विमानं शोधत फिरतो. त्याला तिथवर नेलं ते स्थानिक माणसांनी. पुढे काही वर्षं मृतांचे अवशेष शोधायला परवानगीच नव्हती. 2015 मध्ये अमेरिकी पथक वर चढलं, उभ्या कड्यावर दोर लावून माती चाळली, आणि हाती लागलेले अवशेष दिल्लीहून सन्मानानं रवाना झाले. त्यातून एकाची ओळख पटली. जॉर्जियातल्या त्याच्या लहानशा गावात 2017 च्या जूनमध्ये, त्र्याहत्तर वर्षांनी, त्याला माती मिळाली. रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. त्याला ओळखणारं त्यांच्यात जवळपास कुणीच उरलं नव्हतं.

पासीघाटला आता या हम्पचं संग्रहालय झालं आहे, 2023 च्या नोव्हेंबरात ते उघडलं. डोंगरातून आणलेले विमानांचे भाग तिथे ठेवले आहेत. तसलेच पत्रे त्या मुलखातल्या घरांत वर्षानुवर्षं वापरात होते. शिकाऱ्यांनी वाकवून त्यांची भांडी केली. काहींना हे अनादराचं वाटतं. मला तसं वाटत नाही. सापडलेला पत्रा रोजच्या जेवणात आला, म्हणून तो कुठून आणला हेही घरात सांगितलं गेलं, आणि म्हणून जागा विसरली गेली नाही. दामरोहच्या वरचं ते विमान जगाच्या लेखी बेपत्ता होतं, गावाच्या लेखी कधीच नव्हतं.

अजून शेकडो माणसं त्या डोंगरांत आहेत, सियांगच्या बाजूला, मिश्मी टेकड्यांत, पाटकाईच्या पलीकडे म्यानमारात. त्यातल्या काही जागा आजही कुणाला तरी ठाऊक असतील. पण ज्यांनी त्या आजोबांकडून ऐकल्या, ते आता स्वतः आजोबा झाले आहेत. मिथुन या रानात चरणाऱ्या गुरांच्या मागे किंवा शिकारीला चार चार दिवस रानात राहणं कमी झालं आहे, मुलं शिकायला पासीघाटला, इटानगरला गेली आहेत, वापरात नसलेल्या वाटांवर बांबू वाढतो आहे. आणि विचारायला जाणारी माणसंही फार थोडी आहेत.